मधल्या भिंतीचा गिलावा

ओरिस्याने बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक केली, कान लावून ऐकलं, वीतभर पुढे सरकली आणि पुन्हा टकटक केली. आवाज बद्द आला की त्या जागी ती खडूने गोल काढायची. साडेआठ वाजेपर्यंत स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीवर अकरा गोल झाले होते. म्हणजे अर्ध्याहून जास्त गिलावा विटेला सोडून नुसता रंगाच्या भरवशावर उभा होता.

एवाल्ड टेबलाशी बसून हे सगळं बघत होता. पुढ्यात काचेच्या पेल्यात कॉफी, तळाशी तिचा गाळ. अडुसष्ट वर्षांचा माणूस, त्यातली सव्वीस वर्षं कोळशाच्या खाणीत गेलेली. भिंत म्हटली की ती फोडायची नाहीतर टेकू देऊन धरायची, एवढंच त्याला ठाऊक. तिच्याशी कानगोष्टी करत बसणं त्याला पटत नव्हतं.

"सरसकट उतरवून टाका ना सगळा," तो म्हणाला.

"घट्ट आहे तो कशाला उतरवू, मालक? नव्वद वर्षांचा चुना आहे. तुमच्याहून म्हातारा आहे आणि तुमच्याहून कमी कुरकुरतो."

शेगडीपाशी उभ्या असलेल्या गिझेलाला, त्याच्या बायकोला, हसू फुटलं. एवाल्डने कॉफीचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं.

ओरिस्या मूळची युक्रेनमधल्या कोलोमियाची. तिकडे जुन्या राजवटीत विटा पुरुष रचायचे आणि गिलावा बायका करायच्या. तिची आई असल्याच एका टोळीची मुकादम होती. इथे पोलंडमध्ये, बितोमला येऊन ओरिस्याला नऊ वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी ती घमेलं घेऊन दारात उभी राहिली तेव्हा एवाल्डने तिलाच विचारलं होतं, गवंडी कधी येणार म्हणून. तिने काही न बोलता थापी बाहेर काढली. दोन आठवड्यांत तिने घराची बाहेरची बाजू अशी काही करून दिली की गल्लीतले लोक थांबून बघायला लागले. बघायचे आणि हसायचेही, कारण घर जुळं होतं. डावं अर्धं एवाल्डचं, उजवं अर्धं त्याच्या धाकट्या भावाचं, हुबर्टचं. नवा गिलावा बरोबर मधल्या रेषेवर येऊन थांबला होता आणि पलीकडे जुने पोपडे तसेच लोंबत होते. अर्धी दाढी झाल्यावर न्हाव्याच्या खुर्चीतून पळून आलेल्या माणसासारखं ते घर दिसत होतं.

तशी इथल्या सगळ्याच घरांना भेगा. शंभर-दीडशे वर्षं खालचा कोळसा काढून नेला, आता वरची जमीन खाली बसायला बघते, त्यात नवल कसलं? अधूनमधून दणका बसतो, कपाटातले पेले किणकिणतात, जेवणारा माणूस सूप सांडू नये म्हणून ताटली धरतो आणि पुढे जेवायला लागतो. बाहेरगावचे पाहुणे घाबरून उठतात तेव्हा इथल्या लोकांना गंमत वाटते.

"काल संध्याकाळीही बसली जमीन," गिझेला ओरिस्याला सांगत होती. "आम्ही जेवत होतो. धप्पकन आवाज झाला, मी तर दचकलेच."

"नेहमीचंच आहे," एवाल्ड म्हणाला.

"ही भेगही खाणीचीच म्हणायची का?" ओरिस्याने वर बोट केलं. छतापासून निघून तिरकी खाली उतरलेली, करंगळी जाईल एवढी भेग होती.

"मग काय माझी?" एवाल्डचा आवाज एकदम चढला. गिझेलाने ओरिस्याकडे बघून मान हलवली, की हा विषय नको.

त्या भेगेची गोष्ट अख्ख्या गल्लीला पाठ होती. अकरा वर्षांपूर्वी खाणीचा माणूस नुकसान बघायला आला होता. भेग खाणीमुळे पडली असं त्याने लिहिलं असतं तर दोन्ही घरं खाणीनेच दुरुस्त करून दिली असती, सगळ्यांना देत होते तशी. तो लिहायला बसणार तोच हुबर्ट पुढे झाला आणि चार लोकांसमोर म्हणाला, ही भेग खाणीची नाही, माझ्या भावाने वरच्या मजल्यावर न्हाणीघर काढलं आणि त्याची तुळई ह्या भिंतीत घुसवली, तिची आहे. त्या माणसाने पेन खिशात घातलं. खाणीने हात वर केले. एवाल्डने त्या दिवसापासून भावाचं नाव टाकलं.

अकरा वर्षं दोघांत शब्द नव्हता. होता तो फक्त झाडूचा दांडा. एवाल्डचा रेडिओ मोठा झाला की हुबर्ट भिंतीवर दांडा आपटायचा. हुबर्टच्या घरात उशिरापर्यंत खुडबूड झाली की एवाल्ड आपटायचा. गिझेला दर नाताळाला खसखशीच्या खिरीची वाटी गुपचूप पलीकडे नेऊन द्यायची. हुबर्टने लग्न केलं नव्हतं; त्याला होती ती कबुतरं. वाटी धुऊन, अक्रोड भरून परत यायची. एवाल्ड ते अक्रोड फोडून खायचा आणि कुठून आले हे विचारायचा नाही.

ओरिस्याने छिन्नी-हातोडा घेतला. गोलाच्या मधोमध दोन घाव घातले की गिलाव्याची पापडी सुटायची आणि खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर धुरळा उडवत पडायची. तासाभरात छताखालची वीट उघडी पडली. ती शिडीवर चढली, ब्रशने धूळ झटकली, बॅटरीचा झोत पाडून बराच वेळ बघत राहिली. मग खाली न उतरताच म्हणाली, "मालक, जरा इकडे येता?"

एवाल्ड शिडीपाशी गेला. तिने बॅटरी धरली. विटांमध्ये लोखंडी तुळईचं टोक बसवलेलं होतं, त्याच्याखाली आधाराचा दगड नव्हता, नुसती वीट होती, आणि ती वीट चिरडून गेली होती. भेग तिथूनच निघाली होती. अगदी तुळईच्या कोपऱ्यापासून.

"खाणीची भेग पायाकडून वर येते," ओरिस्या हळूच म्हणाली. "ही वरून खाली गेलीय. कुणी बसवली ही तुळई?"

एवाल्डने स्वतः बसवली होती, दोन मित्रांना घेऊन, एका शनिवारी. आधाराचा दगड नंतर घालू म्हणाले होते. तो तसाच मान वर करून उभा राहिला. अकरा वर्षं तो ज्या माणसाला खोटारडा, घरभेदी म्हणत आला होता, तो खरं बोलला होता, आणि ते इथे ह्या परक्या बाईच्या बॅटरीच्या उजेडात ढळढळीत दिसत होतं. गिझेलाही हात पुसत येऊन बघून गेली.

नेमके त्याच वेळी पलीकडून ठोके आले. ठक, ठक, ठक... भिंतीतूनच.

एवाल्डच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने ऐकलं! भेगेला कान लावून बसला असणार, सगळं ऐकलं त्याने, आणि आता टाळ्या पिटतोय! त्याने ओरिस्याच्या हातातला हातोडा हिसकावला आणि उघड्या विटेवर दाणदाण घाव घातले. सात घाव. विटेचा चुरा उडून त्याच्या भुवयांवर बसला.

पलीकडे एकदम शांत झालं.

"बस झालं त्याचं," एवाल्ड म्हणाला. त्याला धाप लागली होती. त्याने हातोडा परत दिला, जाऊन रेडिओ लावला आणि आवाज होता त्याहून मोठा केला.

ओरिस्या शिडीवर तशीच उभी होती. सबंध आयुष्य भिंतींचे आवाज ऐकण्यात गेलं होतं तिचं. ती म्हणाली, "आवाज खालून आला."

"म्हणजे?"

"जमिनीलगत. झाडू मारणारा माणूस उभा असतो. हे गुडघ्याच्याही खालून आलं."

"बसल्या जागेवरून मारला असेल. पहिल्यापासून आळशीच आहे तो."

ओरिस्याने खांदे उडवले. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात तोंड घालू नये, हे ती नऊ वर्षांत शिकली होती. तिने पुन्हा छिन्नी धरली.

दुपारपर्यंत ती खणत राहिली. भिंत वरून खाली मोकळी होत गेली. एवाल्ड सुटलेला गिलावा पोत्यात भरून बाहेर नेऊन टाकत होता. एरवी तो कामाला हात लावायचा नाही, पण आज त्याला बसवत नव्हतं. जेवायला गिझेलाने बटाट्याचे मऊ गोळे आणि रस्सा वाढला. तिघं जेवायला बसली. मध्येच गिझेला म्हणाली की हुबर्टची कबुतरं आज सोडलेली दिसत नाहीत, खुराड्यात नुसती फडफडतायत.

"बरं आहे," एवाल्ड म्हणाला. "आपल्या नव्या गिलाव्यावर घाण नको."

जेवणानंतर रेडिओवर बातम्या लागल्या तेव्हा ओरिस्यानेच उठून तो बंद केला. आता भेग धुवायची होती आणि धुतल्यावर तिला टाके घालायचे होते: विटांच्या सांध्यात आडव्या खाचा पाडायच्या, त्यात पिळदार सळ्या बसवायच्या आणि चुन्याने भरून टाकायच्या. ती खाली गुडघ्यांवर बसून भेगेचं शेवटचं टोक खरवडत होती. तिथे भिंत सगळ्यात कच्ची झाली होती; दोन विटांमधला चुना वाळूसारखा गळत होता. तिचा हात थांबला. तिने तळवा विटेवर टेकवला.

"मालक," ती म्हणाली, "हे ऐका."

"काय?"

"या इथे. खाली."

एवाल्ड कुरकुरत खाली बसला. त्याचे गुडघे वाजले. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आवाज आला, अगदी बारीक, एखादा चमचा लांबून कशावर तरी आपटावा तसा. एक. दोन. तीन. चार. पाच. मग थांबला. ओरिस्याचे ओठ मोजताना हलत होते. पुन्हा एक, दोन, तीन, चार, पाच. शेवटचे दोन इतके मंद होते की ते आवाज नव्हतेच, विटेला नुसता स्पर्श होता.

एवाल्डने हे ठोके ओळखले.

खाणीत पहिल्या दिवशी, कंदील हातात द्यायच्याही आधी, ही एक गोष्ट शिकवायचे. वरून छत आलं आणि तू आत अडकलास तर ओरडू नकोस, हवा संपते. हाताला लागेल ते घे आणि पाइपावर ठोक. पाच ठोके, मग थांब, मग पाच. आणि बाहेरच्याने ऐकलं तर आधी उत्तर द्यायचं, मग खणायला लागायचं. जेवढे ठोके तेवढंच उत्तर. पाचाला पाच. एक कमी नाही, एक जास्त नाही, म्हणजे आतल्याला कळतं की हा दगड पडल्याचा आवाज नाही, माणूस आहे. एवाल्डला हे त्याच्या बापाने शिकवलं होतं आणि हुबर्टला एवाल्डने, ह्याच स्वयंपाकघरात, टेबलाच्या पायावर चमच्याने ठोकून.

सकाळीही तेच असणार. सकाळीही पाचच असणार, आणि त्याने मोजले नव्हते.

"गिझा," त्याने हाक मारली. ओरिस्याने काखेत हात घालून त्याला उठवलं.

गिझेला त्या दोघांकडे बघत होती आणि तिला कुणी काही सांगायच्या आधीच तिचा हात तोंडावर गेला. "एवाल्ड," ती म्हणाली, "काल संध्याकाळी पेले वाजले नव्हते."

तिघांनी कपाटाकडे बघितलं. काचेमागे पेले ओळीत उभे होते. जमीन बसते तेव्हा आधी ते किणकिणतात, मग दणका येतो. काल नुसताच दणका आला होता. आणि ते जेवत राहिले होते. एवाल्डने दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

हुबर्टच्या दाराला आतून किल्ली लावलेली होती. एवाल्डने दारावर दोन धक्के दिले, मग वळसा घालून मागच्या बागेत गेला आणि हातातल्या हातोड्याने स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडली. तोच हातोडा होता. तो आपण कधी उचलला हे त्याला आठवत नव्हतं. खुराड्यात कबुतरांनी एकच कालवा केला. अडुसष्टाव्या वर्षी खिडकीतून आत शिरताना त्याचा सदरा फाटला, हात कापला, त्याची त्याला शुद्ध नव्हती.

हुबर्ट जमिनीवर होता. भिंतीला लागून, शेगडी आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. बाजूला उलटलेलं स्टूल आणि वरच्या फळीवरून पडलेला दाण्याचा डबा. सगळीकडे मका आणि वाटाणे सांडले होते. ओठ फुटलेले, अंगाखाली ओल. उजव्या हातात पळी होती. ऑक्टोबरची अख्खी रात्र आणि आजचा दिवस तो तसाच फरशीवर पडून होता.

त्याने डोळे उघडले. एवाल्डकडे बघितलं. अकरा वर्षांनी पहिल्यांदा.

"देव भलं करो," हुबर्ट म्हणाला.

खाणीत खाली उतरल्यावर माणूस भेटला की हेच म्हणायचं आणि समोरच्याने हेच परत म्हणायचं. एवाल्ड सांडलेल्या दाण्यांत गुडघ्यांवर बसला, अंगातला कोट काढून भावावर घातला आणि त्याच्या हातातली पळी सोडवायला लागला. बोटं इतकी आखडली होती की ती एकेक करून उघडावी लागली. खिडकीबाहेर गिझेला फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होती. आपला रोजचा पत्ता ती दोनदा चुकली.

रुग्णवाहिका गेल्यावर एवाल्ड घरी येऊन उघड्या भिंतीसमोर बसला. ओरिस्या अवजारं धूत होती. त्याने तिला विचारलं, सकाळी मी किती मारले?

तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "सात."

"पाच नसतील? नीट आठवा."

"सात, मालक. मी शिडीवर होते. मोजायची सवय आहे मला." मग थापी पुसत ती म्हणाली, "खालून आवाज आलाय हे मलाही कळलं होतं. मीही गप्प बसले."

त्याने मान हलवली. तो उठून पलीकडे गेला, सांडलेला मका गोळा केला आणि कबुतरांना घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एवाल्ड आणि गिझेला दवाखान्यात गेले. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन सकाळीच झालं होतं. हुबर्टचा चेहरा सुरकुतून एवढासा झाला होता, पण डोळे जागे होते. सुई बघायला आलेल्या नर्सला तो काहीतरी सांगत होता. एवाल्डला दारात बघितल्यावर त्याने सलाइनचा हात उचलला.

"हाच," तो नर्सला म्हणाला. "हाच माझा थोरला. मी ओरडलो तर रेडिओपुढे कुणाला ऐकू जाईना, फोन वर टेबलावर. सकाळी कशीबशी पळी हाताला लागली. म्हटलं, आपलं खाणीतलं करून बघावं. पाच ठोके दिले. ह्याने लगेच उत्तर दिलं. पाचाला पाच."

"खरंच?" नर्स म्हणाली.

"मग? दिवसभर खणत होते ते माझ्यासाठी. छिन्नीचा आवाज येत होता, सारखा. म्हणून मी दुपारपर्यंत पुन्हा ठोकलं नाही. ताकद राखून ठेवली. खणणाऱ्याला घाई करायची नसते."

गिझेला पलंगाच्या कठड्याला धरून उभी होती. तिने मान खाली घातली आणि चहा आणते म्हणून बाहेर गेली. नर्सही गेली. एवाल्ड हातात टोपी घेऊन उभाच होता. चार लोकांत भावाची बाजू घ्यायची म्हणूनही जो माणूस कधी खोटं बोलला नव्हता, तोच माणूस इतक्या सहज बोलत होता की त्याला खरंच तसं वाटतंय, असंच कुणालाही वाटलं असतं. एवाल्डलाही क्षणभर तसंच वाटलं. हे असंच राहू दे, असं त्याच्या मनात आलं, आणि तसं मनात आलं याची त्याला शिसारी आली.

तो खुर्ची ओढून बसला.

"भेग न्हाणीघराचीच आहे," तो म्हणाला. "तुळईखाली दगड नाही. काल दिसलं."

"माहीत आहे मला."

"तू खरं बोललास तेव्हा. आणि मी..." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हुबर्ट, काल सकाळी ते जे ठोके..."

"सात होते," हुबर्ट म्हणाला.

एवाल्डने त्याच्याकडे बघितलं. हुबर्ट छताकडे बघत होता.

"मोजले मी. सात. म्हटलं, चिडलाय. मग हाक मारायचंही त्राण उरलं नाही. पडून राहिलो. थोड्या वेळाने छिन्नी सुरू झाली." तो थांबला. त्याला बोलायला श्वास पुरत नव्हता. "म्हटलं, चिडलाय, पण खणतोय."

बाहेर व्हरांड्यातून कपबशांची गाडी गेली. एवाल्डला बोलायचं होतं, की मी खणत नव्हतो, मी गिलावा उतरवून घेत होतो, मी मधे बसून जेवलो.

"कबुतरांना दाणा घातलास का?" हुबर्टने विचारलं.

"घातला."

"आणि पाणी?"

एवाल्डने आठवून बघितलं. पाणी राहिलं होतं. तो उठला, टोपी डोक्यावर घातली आणि जिन्याकडे निघाला.